छोट्या स्विस गावाचा इतिहास आणि रोजचे जीवन कसे अभ्यासावे

स्वित्झर्लंडमधील एखाद्या लहान ग्रामपालिकेचा अभ्यास करू पाहणाऱ्याने लढाया आणि सरदारघराणी बाजूला ठेवून आधी एकच प्रश्न हाती घ्यावा: या गावातील कुरण, जंगल आणि पाणी कोणी, किती आणि कोणत्या अटींवर वापरायचे, हे कोण ठरवीत आले? या प्रश्नाच्या मागे गेल्यास जुने दस्तऐवजही उलगडतात आणि आजच्या गावातील पुष्कळशा गोष्टींची संगतीही लागते.

मात्र आपण निवडलेली पालिका आज अस्तित्वात आहे का, याची खात्री आधी करावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला देशात तीन हजारांहून अधिक पालिका होत्या. विलीनीकरणांमुळे २०२५च्या आरंभी त्या २१२१ उरल्या. ग्लारुस या कँटनने (स्वित्झर्लंडच्या एका घटक राज्याने) तर २००६मध्ये मतदारांच्या खुल्या सभेत हात वर करून आपल्या सर्व पालिकांच्या जागी केवळ तीनच ठेवण्याचे ठरविले आणि २०११पासून ते अमलात आणले. अशा वेळी जुन्या गावाचे दप्तर नव्या पालिकेकडे गेलेले असू शकते, त्यामुळे शोध तेथूनच करावा लागतो. प्राथमिक माहितीसाठी स्वित्झर्लंडचा ऐतिहासिक कोश वापरावा. तो जर्मन, फ्रेंच आणि इटालियन भाषांत इंटरनेटवर विनामूल्य मिळतो, आणि अगदी चिमुकल्या पालिकेवरही त्यात नोंद असते.

नोंद वाचून झाली की सामाईक जमिनीकडे वळावे. हे कसे करायचे, ते व्हाले कँटनमधील ट्योर्बेल या डोंगरउतारावरील गावावरून चांगले समजते. १ फेब्रुवारी १४८३ रोजी येथील रहिवाशांनी उंचावरील कुरणे, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापराचे नियम करण्यासाठी लेखी करार करून संघ स्थापन केला. बाहेरून येऊन गावात जमीन विकत घेणाऱ्याला सामाईक कुरणावर हक्क मिळणार नाही, हे तेव्हाच ठरले. १५१७च्या नियमाने तर प्रश्नाच्या मुळालाच हात घातला: हिवाळ्यात जितक्या गायी स्वतःच्या चाऱ्यावर पोसता येतील, तितक्याच उन्हाळ्यात कुरणावर पाठवाव्यात. म्हणजे ज्याच्या खासगी शेतात गवत कमी, त्याचा सामाईक कुरणातील वाटाही कमी, आणि कुरण ओरबाडले जाण्याला आपोआप आळा. मानवशास्त्रज्ञ रॉबर्ट नेटिंग यांनी या गावाचा बारकाईने अभ्यास केला आणि पुढे २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामाईक साधनांविषयीच्या आपल्या मांडणीत त्याचा आधार घेतला. आपल्या गावाबाबतही असेच शोधावे: हक्क कशावरून मोजला जाई, देखरेख कोणाकडे होती, दंड कोणाला भरावा लागे. माझ्या मते चर्चच्या बांधकामाच्या तारखांपेक्षा गावाचा स्वभाव येथे अधिक स्पष्ट दिसतो.

यानंतर गावात राहणारे आणि गावाचे ‘मूळ नागरिक’, म्हणजे ज्यांच्या घराण्याकडे त्या गावाचे नागरिकत्व पिढीजात आहे ते, यांतील भेद नीट समजून घ्यावा, कारण नवख्या अभ्यासकाचा गोंधळ बहुधा येथेच होतो. स्विस पासपोर्टवर जन्मस्थानाऐवजी मूळ गाव लिहिलेले असते, आणि त्या माणसाने ते गाव कधी पाहिलेलेही नसेल. १८७४च्या संघीय राज्यघटनेने गावात स्थायिक झालेल्या इतर स्विस पुरुषांनाही पालिकेच्या कारभारात मताधिकार दिला. परंतु मूळ नागरिकांची सामाईक मालमत्ता त्यातून वगळली. त्यामुळे अनेक ठिकाणी रहिवाशांची पालिका आणि जंगल-कुरणांची मालकी असलेली मूळ नागरिकांची संस्था आजही शेजारी-शेजारी नांदतात. जुन्या काळी निर्धन माणसाला पोसण्याचा भार त्याच्या मूळ गावावर पडे, म्हणूनच एकोणिसाव्या शतकात काही गावांनी आपल्या गरिबांना अमेरिकेचे भाडे देऊन रवाना केले.

कुटुंबांचा मागोवा घेताना १८७६पूर्वीसाठी चर्चच्या नोंदवह्या आणि नंतरसाठी नागरी नोंदणी पाहावी. जमिनीवरील बदल पाहण्यासाठी स्विसटोपो या संघीय कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने नकाशे कालक्रमाने उलगडता येतात.

रोजच्या जीवनासाठी गावातील सूचनाफलकापासून सुरुवात करावी: घरबांधणीचे अर्ज, जुनी वर्तमानपत्रे गोळा करण्याचा दिवस, स्वयंसेवी अग्निशमन दलाचा सराव, सारे तेथे लावलेले असते. विल्हेवाटीचे शुल्क किमतीतच धरलेली कचऱ्याची पिशवी आणि रविवारची शांतता यांचेही नियम जाणून घ्यावेत. सर्वाधिक वेळ मात्र ग्रामसभेला द्यावा. बहुतेक लहान पालिकांत निवडून दिलेली, नियम करणारी मोठी प्रतिनिधी सभा नसतेच. मताधिकार असलेले रहिवासी वर्षातून साधारण दोनदा एकत्र जमून जमाखर्च, अंदाजपत्रक आणि पालिकेच्या कराचा दर यांवर हात वर करून निर्णय घेतात. कार्यकारी मंडळातील सदस्य सहसा आपापला व्यवसाय सांभाळून हे काम करतात, त्यामुळे दैनंदिन कारभाराची सूत्रे बऱ्याच अंशी पालिकेच्या लेखनिकाच्या हाती असतात, आणि अभ्यासकाने पहिले पत्रही त्यालाच, शक्यतो त्या भागाच्या भाषेत, लिहावे.

ग्रामसभेचे जुने इतिवृत्त वाचताना कोणाला हात वर करता येत नव्हता, हेही तपासावे. संघीय पातळीवर स्त्रियांना मताधिकार १९७१मध्ये मिळाला. तत्पूर्वी ३ मार्च १९५७ रोजी व्हालेतीलच उंटरबेख या लहानशा गावाच्या पालिकेने एका संघीय जनमताच्या वेळी स्त्रियांना मतदान करू दिले. काटारीना त्सेनहॉयझर्न यांनी पहिली चिठ्ठी टाकली. स्त्रियांच्या चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत घेतल्या गेल्या आणि निकालात त्या धरल्या गेल्या नाहीत. ज्या कँटनमध्ये आपले गाव असेल, तेथे हा हक्क कोणत्या वर्षी लागू झाला ते स्वतंत्रपणे पाहावे, कारण आपेनझेल इनररोडनमध्ये त्यासाठी १९९०पर्यंत संघीय न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागली.