सातारा की सांगली, हवा कुठली चांगली हे कसं ठरवायचं

घर घ्यायच्या आधी नुसतं दुपारचं टेम्परेचर बघू नका, एप्रिल-मेमधलं रात्रीचं किमान तापमान बघा, झोप लागते का नाही ते त्यावरच ठरतं. सातारा सांगलीपेक्षा साधारण २०० मीटर उंच, त्यामुळं संध्याकाळी तिथं उकाडा लवकर उतरतो.

मग पाऊस. महाबळेश्वरचे आकडे साताऱ्याला लावू नका, तिथं वर्षाला ५००० मिमीच्या पुढं पाऊस पडतो, सातारा शहरात त्यापेक्षा खूपच कमी. सांगलीत तर आणखी कमी, पण खरी गंमत इथंच आहे, पाऊस पडतो घाटात आणि पाणी येतं सांगलीत, २०१९ला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेलेली, धोक्याची पातळी ४५. म्हणून सांगलीत जागा बघताना शेजाऱ्यांना विचाराच की २००५, २०१९ आणि २०२१ला पाणी कुठवर आलं होतं.

दोन्हीकडं एकदा मेमध्ये आणि एकदा जुलैत मुक्काम करा, हॉटेलात एसी बंद ठेवून.

माझं मत साताऱ्याला, यवतेश्वरच्या बाजूनं येणारं वारं मला फार आवडतं. पण जुलैत कपडे वाळत नाहीत म्हणून वैताग येत असेल तर सांगलीच घ्या, फक्त नदीपासून लांब आणि उंचावर.