फोडशी समजून भलतंच उपटताय? या चुका टाळा

पहिला दमदार पाऊस झाला की पुण्यातून मुळशी, वेल्ह्याकडे जाणाऱ्या गाड्या वाढतात आणि परतताना बऱ्याच जणांच्या पिशवीत फोडशी ही पावसाळी रानभाजी असते. मुगाची डाळ घालून केली की भाजी भारीच लागते, पण हल्ली लोक व्हिडिओ बघून स्वतःच खुडायला लागलेत, त्याची मला खरंच काळजी वाटते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसत्या पानांवरून ओळखणं. फोडशीची पानं लांब पट्ट्यासारखी, आणि कोळकांदा म्हणजे विषारी रानकांदा, त्याची कोवळी पानंही तशीच. फूल बघून ठरवू म्हणाल तर कोळकांदा फुलतो उन्हाळ्यात, पान येतं पावसात, म्हणजे तुम्ही जाता तेव्हा फूल नसतंच. गेल्या वर्षी वेल्ह्याकडे एका मावशींनी माझ्या पिशवीतली मूठभर पानं बाजूला काढली, म्हणाल्या, "ही नगं, खाली कांदा आसंल बघ." जिथून खुडली होती तिथं खुरप्यानं उकरलं तर खरंच, पांढरा, पापुद्र्यांचा, मुठीएवढा कांदा. फोडशीला असा कांदा नसतो, जाडसर मुळांचा झुपका असतो. त्यामुळे खुडायच्या आधी एक रोप उकरून बघाच, आणि तरी शंका असेल तर सोडून द्या.

दुसरी चूक, "शिजवलं की विष जातं". हे डोक्यात बसलंय ते सुरण, अळू, शेवळं यांच्यामुळे, कारण त्यांची खाज चिंच घालून नीट शिजवली की कमी होते. पण कोळकांद्यातली द्रव्यं थेट हृदयावर परिणाम करतात, आणि कळलावी नावाच्या रानवेलीच्या कंदात कोल्चिसीन हे विष असतं, ते उकळून जात नाही. कळलावीचा कंद रताळं किंवा कणगरासारखा दिसतो म्हणून लोक फसतात. वर वेल असेल तर पानाचं टोक बघा, ते सुतासारखं लांब होऊन वळलेलं असतं, आधाराला गुंडाळतं. रताळ्याच्या पानाला तसं टोक नसतं.

"जरासं चाखून बघू" हे तर अजिबात नको.

आणि चुकून पोटात गेलंच तर उलट्या व्हायची वाट बघू नका, कळलावीचा त्रास काही तासांनी सुरू होतो आणि तोवर माणूस बरा वाटतो. घरी मीठपाणी पाजून उलटी काढत बसू नका, 108 ला फोन करा नाहीतर सरळ हॉस्पिटल गाठा, आणि उरलेली पानं, कंद, भाजी जे असेल ते डॉक्टरांना दाखवायला सोबत न्या.