मुलांच्या त्वचेचे त्रास: उरलेली ट्यूब लावण्याआधी या चुका टाळा

मूल अंग खाजवायला लागलं की बहुतेक घरांत हात आधी जातो तो मागच्या आजारपणातल्या उरलेल्या ट्यूबकडे. ‘तेव्हाही असंच दिसत होतं’ हे कारण पुरेसं वाटतं. पण इसब, नायटा आणि खरूज तिन्ही लाल दिसतात, तिन्हींना खाज येते, आणि एकाचं औषध दुसऱ्याला बिघडवू शकतं.

सगळ्यात घातक चूक म्हणजे स्टिरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेलं मलम नायट्यावर चोळणं. दोन-तीन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते, घरचे निर्धास्त होतात. प्रत्यक्षात स्टिरॉइडने त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबलेली असते आणि बुरशी आतल्या आत पसरत असते. मलम थांबलं की चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परततो. शिवाय नायट्याची ओळख असलेली गोल, उंचावलेली कड पुसली गेल्याने डॉक्टरांनाही निदान जड जातं. असं काही लावलं असेल तर लपवू नका, ट्यूबच सोबत न्या. डोक्यातला नायटा वेगळा: केस तुटलेला, कोंड्यासारखे पापुद्रे असलेला चट्टा दिसला तर नुसत्या मलमाने भागत नाही. ते केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही, म्हणून काही आठवडे पोटातून औषध घ्यावं लागतं.

इसबाच्या बाबतीत मात्र चूक नेमकी उलट होते. तिथे स्टिरॉइडची इतकी भीती असते की डॉक्टरांनी लिहून दिलेलं सौम्य मलमही चिमूटभर लावून दुसऱ्या दिवशी बंद केलं जातं. मग ‘औषध लागू पडत नाही’ अशी तक्रार सुरू होते. माझ्या मते इसब हाताबाहेर जाण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे. मापाचा एक सोपा हिशेब आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेरावर मावेल एवढी मलमाची रेघ काढली की साधारण अर्धा ग्रॅम होतो, आणि तेवढं मोठ्यांच्या बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. ठरवून दिलेले दिवस पूर्ण करा, चट्टा गुळगुळीत होईपर्यंत लावा. कोणत्या ताकदीचं स्टिरॉइड चेहऱ्यावर चालेल आणि कोणतं फक्त हातापायांवर, हे मात्र डॉक्टरांनीच ठरवायचं.

आणि स्टिरॉइडपेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं ते मॉइश्चरायझरकडे. इसबाच्या मुलाची त्वचा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे चट्टे नसतानाही ते रोज लागतं. अंगभर इसब असेल तर आठवड्याला २५० ग्रॅमसुद्धा संपू शकतं. डबी महिनोन्महिने पुरत असेल तर कमी लावलं जातंय. अंघोळ कोमट पाण्याने, पाच-दहा मिनिटांची. अंग टिपून घ्यायचं, घासायचं नाही, आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायचं. सुगंधी साबण आणि बबल बाथ बंद.

इसबावर एकाएकी एकसारखे पाण्याचे फोड किंवा खोल, गोल जखमा उठल्या आणि ताप आला, तर मलमं बदलत बसू नका. हा ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूचा, म्हणजे हर्पिस सिम्प्लेक्सचा संसर्ग असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. काचेचा पेला दाबूनही फिके न पडणारे जांभळे ठिपके आणि सोबत ताप, किंवा तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप असेल तरीही थांबू नका.

खरजेची फसगत वेगळीच. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत पुरळ, घरात आणखी कुणी खाजवतंय, अशी चिन्हं असतील तर उपचार फक्त मुलावर करून उपयोग नाही. ज्यांना खाज नाही त्यांच्यासकट सगळ्या घराने एकाच दिवशी औषध लावायचं. परमेथ्रिनचं पाच टक्क्यांचं क्रीम साधारण ८ ते १४ तास अंगावर ठेवतात आणि बहुधा आठवड्याने पुन्हा लावतात. लहान बाळांना डोक्यावरही लावावं लागतं, पण दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. अंगावरचे कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवा. धुता येत नसेल ते पिशवीत काही दिवस बांधून ठेवा. यानंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. ती त्वचेत मेलेल्या खरजेच्या बारीक किड्यांवरची प्रतिक्रिया असते. ‘गेली नाही’ म्हणून रोज औषध लावत राहिलात तर त्वचा चिडून नवी खाज सुरू होते.

डायपरची लाली बघताना जांघेच्या घड्या तपासा. घड्या कोरड्या-स्वच्छ आणि उंचवटे लाल असतील तर बहुधा लघवी-शीचा दाह आहे: डायपर लवकर बदला, झिंक ऑक्साइडचा जाड थर लावा. घड्याच लालभडक आणि आजूबाजूला सुटे ठिपके असतील तर कँडिडा बुरशीचा संशय घ्या, बुरशीनाशक लागेल. पावडर नकोच, ती श्वासातून आत जाते. नवजात बाळाच्या नाकावरचे पांढरे दाणे तर फोडूही नका, आपोआप जातात.

गालांवरचे फिकट, किंचित खरखरीत चट्टे पाहून जंताचं औषध किंवा कॅल्शियम सुरू करण्याचा प्रघात निराधार आहे. ते बहुतेकदा सौम्य इसबाचंच रूप असतं. मॉइश्चरायझर, उन्हापासून बचाव आणि काही महिने धीर पुरतो. चट्टा दुधासारखा पांढराशुभ्र आणि रेखीव असेल तर कोड नाही ना, हे तपासून घ्या.

मुरमांशी भांडणारी मुलं चेहरा दिवसातून सहा वेळा धुतात, फोड पिळतात आणि दर आठवड्याला क्रीम बदलतात. दोनदा धुणं पुरे. रेटिनॉइड किंवा बेन्झॉइल पेरॉक्साइड या मुरमांवर लावायच्या औषधांचा परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. रेटिनॉइड फक्त फोडावर ठिपक्यासारखं नव्हे, वाटाण्याएवढं घेऊन त्या सगळ्या भागावर पातळ लावायचं, आणि रात्री. सुरुवातीला त्वचा सोलते. तेव्हा एक दिवसाआड लावा, सोडून देऊ नका. बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचंही चांगलं काम करतं, जास्त टक्क्यांनी जळजळ तेवढी वाढते. टॉवेल आणि उशीचे अभ्रे मात्र पांढरे वापरा, रंगीत कापडाचा रंग ते उडवतं.