मोगरा दोन वर्षं रुसला होता, शेवटी कात्री चालवली

बाल्कनीतला मोगरा दोन उन्हाळे नुसता पाल्यावर, कळी म्हणून नाही. मी आपली रोज पाणी घालतेय, वर चिमूटभर युरिया, आणि त्यानेच पाला माजत होता हे फार उशिरा डोक्यात आलं. यंदा फेब्रुवारीत आठ दिवस पाणी कमी केलं, मग जीव घट्ट करून निम्म्या फांद्या छाटल्या, उरलेली पानंही काढून टाकली (सासूबाई म्हणाल्या, मारलंस गं झाड!). कुंडीतून काढलं तर तळाशी मुळांची चटईच झालेली, ती थोडी कापली, नवी माती, दोन मुठी शेणखत, आणि कुंडी थेट उन्हात कठड्याजवळ. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवरच येतात ना. पंधरा दिवसांत पोपटी कोंब, आणि पाडव्याला सात कळ्या, मोजल्या मी.