जर्मनीत नोकरीवर पीआर घ्यायचीये? मग या चुका टाळा

ब्लू कार्डवर (ठरावीक पगाराच्या वरच्या उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) 27 महिन्यांत पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळते आणि जर्मन भाषा बी1 (मधली पातळी) असेल तर 21 महिन्यांतच, हे आता जर्मनीतल्या प्रत्येक मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोंडपाठ आहे. नोव्हेंबर 2023 च्या आधी हा 27 चा आकडा 33 होता. पण महिने नक्की कुठले मोजायचे हे बघायचं राहूनच जातं. फ्रँकफर्टला विमानातून उतरल्यापासूनचे नाही बरं का, तर ब्लू कार्डला पात्र असलेल्या नोकरीचे, आणि त्या काळात पेन्शनचे पैसे भरलेले असले पाहिजेत.

सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात आणि त्यातही ऑनसाइटवाले. हिंजवडीच्या कंपनीने जर्मन क्लायंटकडे पाठवलं, कॉन्ट्रॅक्ट भारतातलंच, हातात आयसीटी कार्ड (कंपनीने बदलीवर पाठवलेल्यांचा परवाना), पीएफ भारतात चालू. भारत आणि जर्मनीमधला सोशल सिक्युरिटी करार मे 2017 पासून लागू आहे, त्यामुळे पीएफ ऑफिसचं कव्हरेज सर्टिफिकेट असेल तर साधारण 48 महिन्यांपर्यंत जर्मनीत पेन्शन कापलीच जात नाही. हातात पैसे जास्त येतात म्हणून सगळे खूश, आणि दोन वर्षांनी पीआरची चौकशी करायला जावं तर खात्यात महिने शून्य! आयसीटीवरचा काळ ब्लू कार्डच्या हिशोबात धरतच नाहीत आणि ते कार्डसुद्धा जास्तीत जास्त तीन वर्षांचं. इथे राहायचं डोक्यात असेल तर लोकल कॉन्ट्रॅक्ट मिळेल का हे मॅनेजरला पहिल्या वर्षीच विचारा, नाही म्हणाला तर दुसरी नोकरी बघायला निदान वेळ तरी हातात राहतो.

लोकल कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी पगाराच्या स्लिपवर विसंबून बसू नका. पेन्शनचे 9.3 टक्के तुमच्या पगारातून जातात, तेवढेच कंपनी भरते, पण खात्यात काय नोंदलंय ते बघायचं तर डॉइचे रेंटेनफरझिशेरुंग या सरकारी पेन्शन संस्थेकडून फरझिशेरुंग्सफरलाउफ, म्हणजे भरलेल्या महिन्यांचा उतारा, मागवा. फुकट असतो, पोस्टाने घरी येतो, आणि अर्जाला हाच कागद लावायचा असतो. आल्यावर नाव नीट तपासा, कारण आपल्या पासपोर्टवर वडिलांचं नाव गिव्हन नेममध्ये घुसलेलं असतं आणि कंपनी, बँक, घराची नोंदणी अशा प्रत्येक ठिकाणी ते वेगवेगळं पडू शकतं. आणि हो, मधे भारतात परत गेला असाल आणि तेव्हा पेन्शनचा रिफंड घेतला असेल तर ते महिने गेले, पुन्हा धरता येत नाहीत.

हातातलं कार्ड कुठलं आहे तेही वाचा. पगार ब्लू कार्डच्या मर्यादेत बसला नाही म्हणून साधा स्किल्ड वर्कर परमिट मिळालेले बरेच जण 27 महिन्यांच्या भरवशावर असतात, पण त्यांना 3 वर्षं, पेन्शनचे 36 महिने आणि बी1 लागतं. जर्मनीतच डिग्री केली असेल तर 2 वर्षं आणि 24 महिने.

भाषेचं म्हणाल तर ऑफिसमधल्या क्लासचं हजेरीचं सर्टिफिकेट किंवा मोबाईल अॅपवरची प्रगती दाखवून भागत नाही, ग्योथे, टेल्क, ओएसडी असल्या मान्य परीक्षेचंच लागतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनला परीक्षा दिली असेल तर मूळ कागद सोबत आणा, स्कॅनवर राहू नका. 27 महिन्यांच्या वाटेला ए1 (अगदी सुरुवातीची पातळी) पुरतं हे खरं, पण माझं मत विचाराल तर सरळ बी1 करा, सहा महिने वाचतात आणि पुढे नागरिकत्वाला तेच लागतं. पीआरला लागणारी लेबन इन डॉइचलांड ही जर्मनीचा समाज आणि कायद्यांवरची परीक्षा मात्र लोक शेवटी ठेवतात, फॉर्म भरताना आठवते, मग तारीख मिळेना आणि निकाल यायला कित्येक आठवडे. फी फक्त 25 युरो, 33 प्रश्न, ते सगळे आधीच जाहीर असलेल्या यादीतले. 15 बरोबर आले की पीआरचं काम होतं, पण 17 आणा म्हणजे नागरिकत्वाला परत द्यायला नको.

नोकरी बदलायची तर वेळ बघून बदला. ब्लू कार्डच्या पहिल्या 12 महिन्यांत बदललीत तर आउसलेंडरबेहोर्डला (परदेशी नागरिकांचं ऑफिस) कळवावं लागतं, आणि नोकरी गेलीच तर दोन आठवड्यांत. प्रोबेशन चालू असताना पीआरचा अर्ज टाकला तर बरीच ऑफिसं ते संपेपर्यंत थांबवून ठेवतात, म्हणून 19व्या महिन्यात दोन पैसे जास्त मिळतात म्हणून उडी मारण्याआधी विचार करा.

कार्डची मुदत संपायच्या आत अर्ज गेलाच पाहिजे, अपॉइंटमेंट मिळत नाही ही सबब चालत नाही. वेळेत गेला तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो, त्याचं फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग (तात्पुरता दाखला) मागून घ्या. पूर्ण अर्ज देऊन तीन महिने काहीच हाललं नाही तर कोर्टात दिरंगाईचा दावा करता येतो, वकिलाचं नुसतं पत्र गेलं तरी कधीकधी फाइल हलते.

आणि मिळाल्यावर आईबाबांजवळ वर्षभर राहून येतो म्हणून पुण्याला जाणारे, जरा थांबा. सलग 6 महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर पीआर आपोआप रद्द होते. जास्त राहायचं असेल तर निघण्याआधी ऑफिसकडून लेखी मुदत वाढवून घ्या, तिकडे गेल्यावर ईमेल करून काही उपयोग नाही.