अंदमानात मत्स्यबीजासोबत येणारा बेडूक कसा रोखावा

मुख्य भूमीवरचा मोठा, पिवळसर हिरवा भारतीय बेडूक अंदमान बेटांवर उपरा असून, तो तिथे मुख्यतः मत्स्यबीजासोबत, म्हणजे तळ्यात वाढवण्यासाठी आणलेल्या माशांच्या लहान पिल्लांसोबत, पसरला असल्याने खबरदारीची सुरुवात तळ्यात बीज सोडण्याआधीच करावी लागते. आलेले बीज थेट तळ्यात न ओतता पांढऱ्या पसरट भांड्यात थोडे थोडे घ्यावे आणि गोल डोके, लांब शेपटी असलेली बेडकाची पिल्ले, म्हणजेच भैकेर, वेचून वेगळे काढावेत. घाईत नेमके हेच राहून जाते. हे भैकेर मांसाहारी असतात आणि एकाच डबक्यात वाढणाऱ्या स्थानिक बेडकांच्या भैकेरांना फस्त करतात. प्रौढ बेडूक कीटकांपासून सरड्यांपर्यंत तोंडात मावेल ते गिळतो, कोंबडीची पिल्लेही सोडत नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर तळ्याची पाहणी अवश्य करावी, कारण त्या दिवसांत नर गर्द पिवळे होतात, त्यांच्या गळ्याच्या निळ्या पिशव्या फुगतात आणि ते दुरूनही ओळखू येतात. मात्र स्वतः मारण्याच्या फंदात न पडता वन विभागाला कळवावे. स्थानिक बेडूक चुकून मारला जाण्याचा धोकाही त्यामुळे टळतो.