जुनी गाडी सुरू होत नाही, घाटात तापते : सुटे भाग बदलण्यापूर्वी घरी करायच्या तपासण्या

दहा-पंधरा वर्षे चाललेली गाडी विकत घेतली की तिच्या दोन तक्रारी लवकरच समोर येतात. एक म्हणजे सकाळी ती सुरू होत नाही आणि दुसरी म्हणजे घाट चढताना किंवा वाहतुकीच्या कोंडीत ती तापते. या दोन्ही तक्रारींचे मूळ पुष्कळदा एखाद्या स्वस्त भागात असते, पण निदान न करता भाग बदलत गेल्यास खर्च मात्र मोठा होतो. माझ्या पहिल्या जुन्या अल्टोची मी आधी बॅटरी बदलली, मग स्टार्टर, म्हणजे इंजिन फिरवणारी मोटर, बदलला, आणि अखेरीस दोष सापडला तो इंजिनपासून बॉडीकडे जाणाऱ्या, आतून हिरव्या पडलेल्या अर्थिंगच्या वायरीत. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : मोजल्याशिवाय काहीही बदलायचे नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जुन्या गाडीत दोन-तीन दोष एकावर एक साचलेले असतात. त्यामुळे चार गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी कशामुळे सुधारली हे कधीच कळत नाही.

या कामाला फार साहित्य लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर, रिंग पान्यांचा संच, टॉर्च, जंपर केबलची जोडी, रबरी हातमोजे आणि बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड वॉटर एवढे पुरेसे आहे. गाडीचे मूळ मॅन्युअल मिळवावे, आणि एका वहीत तारीख, किलोमीटर, लक्षण व मोजलेले आकडे लिहीत जावे. गाडीखाली शिरायचे असेल तर केवळ जॅकच्या भरवशावर कधीही शिरू नये. सपाट, पक्क्या जमिनीवर जॅक स्टँड लावून आणि चाकांना दगड किंवा ओंडके लावूनच काम करावे.

गाडी सुरू होत नाही तेव्हा

किल्ली फिरवल्यावर नेमके काय ऐकू येते, याकडे आधी लक्ष द्यावे. भराभर टकटक आवाज येऊन डॅशबोर्डवरचे दिवे मंदावत असतील तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर वीज अडते आहे. एकच ठळक ‘टक’ येऊन दिवे मात्र प्रखर राहत असतील तर स्टार्टर किंवा त्याला वीज जोडून देणारा सोलेनॉइड यांच्यावर संशय घ्यावा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरते पण पकडत नाही, असे असेल तर बॅटरीचा विषय तिथेच संपतो आणि शोध पेट्रोल व ठिणगी यांच्याकडे वळवावा लागतो.

बॅटरीची पहिली मोजणी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, सकाळी किल्ली न लावता करावी. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे आणि १२.२ च्या आसपास आला तर ती साधारण निम्मी उतरलेली आहे. मात्र या आकड्यावर थांबू नये. म्हातारी झालेली बॅटरी शांत असताना १२.५ दाखवते आणि सेल्फ मारताच कोसळते. म्हणून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगून त्याच वेळी मीटर पाहावा. भरलेली बॅटरीही सेल्फ मारताना साडेनऊ व्होल्टच्या खाली जात असेल तर तिचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. गाडी सुरू झाल्यावर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान यायला हवा. तो १३ च्या खाली राहिला तर अल्टरनेटर, म्हणजे चालू गाडीत बॅटरी भरणारे यंत्र, किंवा त्याचा सैल पट्टा दोषी असतो, आणि १५ च्या वर गेला तर त्याचा व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलेला असून तो नव्या बॅटरीचीही वाट लावेल.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड साचली असेल तर आधी ऋण टर्मिनल सोडावे, मग धन. जोडताना क्रम उलटा ठेवावा, म्हणजे आधी धन आणि शेवटी ऋण. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा मिसळून जुन्या ब्रशने टर्मिनल घासावे, पण हे पाणी बॅटरीच्या खान्यांत जाऊ देऊ नये. पूर्ण कोरडे केल्यावर घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. कोकणात आणि मुंबईसारख्या दमट हवेत हे काम पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असे दोनदा करणे योग्य ठरते.

यानंतरची चाचणी फार थोडे लोक करतात, पण जुन्या गाडीसाठी माझ्या मते तिच्याइतकी उपयोगी दुसरी चाचणी नाही. इंधनपंपाचा फ्यूज काढून ठेवावा, म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मीटरची एक कांडी बॅटरीच्या ऋण खुंटीवर, म्हणजे क्लिपवर नव्हे तर खुद्द शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवून सोबत्याला चार-पाच सेकंद सेल्फ मारायला सांगावे. अर्थिंग निरोगी असेल तर मीटर ०.२ किंवा ०.३ व्होल्टपलीकडे जात नाही. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा दिसला तर तेवढी वीज वाटेत वाया जाते आहे, आणि दोष त्या वायरीत किंवा तिच्या बोल्टखालच्या गंजात आहे. हीच मोजणी धन खुंटी आणि स्टार्टरचा जाड वायरीचा बोल्ट यांच्यामध्येही करावी. खात्री करून घ्यायची असेल तर जंपर केबलचे एक टोक इंजिनच्या धातूला आणि दुसरे बॅटरीच्या ऋण खुंटीला लावावे, फ्यूज परत बसवावा आणि सेल्फ मारून पाहावा. गाडी एका झटक्यात सुरू झाली तर नवी अर्थिंगची वायर टाकणे एवढेच काम उरते.

बॅटरी चांगली असूनही दोन-तीन दिवस उभ्या गाडीत उतरत असेल तर कुठेतरी वीज झिरपते आहे. ऋण टर्मिनल सोडून मल्टिमीटर दहा अँपिअरच्या जागी लावावा आणि तो टर्मिनल व खुंटी यांच्यामध्ये जोडून, सर्व दारे बंद करून, अर्धा तास थांबावे. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नये, कारण त्या प्रवाहाने मीटरच जळतो. ५० मिलिअँपिअरच्या आतला प्रवाह सहसा चिंतेचा नसतो. त्याहून जास्त असेल तर एकेक फ्यूज काढून पाहावा, आणि ज्या फ्यूजनंतर आकडा घसरतो त्या वायरीचा माग काढावा. सेकंडहँड गाडीत पूर्वीच्या मालकाने बाहेरून बसवून घेतलेला म्युझिक सिस्टिम, अलार्म किंवा जादा दिवे हेच पुष्कळदा कारण असते.

इंजिन फिरते पण पकडत नाही, अशा वेळी किल्ली ‘ऑन’ करून मागच्या सीटखाली कान द्यावा. इंजेक्शन असलेल्या पेट्रोल गाडीत पंपाचा एक-दोन सेकंदांचा घूं असा आवाज यायला हवा. तो येत नसेल तर फ्यूज पाहावा, आणि पंपाचा रिले, म्हणजे त्याला वीज जोडणारा स्विच, त्याच आकाराच्या व त्याच क्रमांकाच्या दुसऱ्या रिलेशी अदलाबदल करून पाहावा. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात आणि इंजेक्टरच्या वायरी कुरतडतात, म्हणून टॉर्च घेऊन वायरींची प्रत्येक जुडी डोळ्यांखालून घालावी. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि वीस-तीस मिनिटांनी आपोआप सुरू होणारी गाडी बहुधा क्रँक सेन्सर (इंजिनच्या फिरण्याची खबर देणारा भाग) किंवा इग्निशन कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) यांच्याकडे बोट दाखवते. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून बिघाडाचा कोड मिळाला तरी तो लगेच भाग बदलण्याचा आदेश मानू नये. कोड बिघडलेल्या भागाचे नव्हे तर बिघडलेल्या सर्किटचे नाव सांगतो, आणि त्या सर्किटमध्ये वायर, कनेक्टर व अर्थिंगही येतात.

गाडी तापते तेव्हा

सर्वांत आधी सुरक्षिततेची गोष्ट. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. वरचा होजपाइप हाताला कोमटही लागेनासा होईपर्यंत, म्हणजे किमान तासभर, थांबावे. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे आणि त्यावर थंड पाणी ओतू नये, कारण ॲल्युमिनियमचे हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, अशा धक्क्याने वाकते. काटा नुकताच चढू लागला असेल तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर ठेवावा. गाडीत बसणाऱ्यांना त्रास होतो, पण इंजिनची बरीच उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि घाटातली सुरक्षित जागा गाठेपर्यंत वेळ मिळतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, पाण्याची पातळी रेडिएटरला जोडलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत नव्हे तर झाकण उघडून खुद्द रेडिएटरमध्ये पाहावी. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, ही स्थिती जुन्या गाड्यांत वारंवार आढळते आणि तिचे कारण अनेकदा झाकणच असते. साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांवर उकळते, महाबळेश्वरच्या उंचीवर तर त्याच्याही चार-पाच अंश आधी. निम्मे कूलंट (इंजिन थंड ठेवण्यासाठी पाण्यात मिसळायचे द्रव), निम्मे पाणी आणि झाकणाने धरून ठेवलेला सुमारे ०.९ बारचा दाब यांमुळे ही मर्यादा १२० अंशांच्या पुढे जाते. झाकणाचे रबर कडक झाले की दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळून बाटलीत जाते आणि थंड झाल्यावर परत ओढले जात नाही. झाकणावर दाबाचा आकडा छापलेला असतो, आणि नवे झाकण त्याच आकड्याचे घ्यावे.

गाडी नेमकी कधी तापते, या प्रश्नाच्या उत्तरात अर्धे निदान असते. सिग्नलवर आणि कोंडीत तापते पण हमरस्त्यावर काटा खाली येतो, तर पंखा फिरत नाही. त्याचा फ्यूज, रिले, तापमानाचा स्विच आणि शेवटी मोटर या क्रमाने पाहावे, आणि हात पंख्यापासून दूर ठेवावेत, कारण काही गाड्यांत तो किल्ली काढल्यावरही अचानक सुरू होतो. उलट कोंडीत ठीक असलेली गाडी कसारा किंवा आंबा घाटाच्या लांब चढावर तापत असेल तर रेडिएटर आतून चोंदला आहे किंवा बाहेरून एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये किडे, माती व पाचोळा यांचा थर बसला आहे. हा थर इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने रेडिएटरच्या नाजूक पात्या आडव्या होतात आणि हवा कायमची अडते. तिसरी शक्यता अशी की सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढतो आणि वरचा होजपाइप गरम असताना खालचा मात्र गारच राहतो. पातळी योग्य असेल तर अशा वेळी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप, बंद अवस्थेत अडकलेला असण्याचा संभव मोठा असतो.

‘थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्या हवेला त्याची गरज नाही’ हा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो आणि तो चुकीचा आहे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. थर्मोस्टॅट नसलेले इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते, तोपर्यंत जास्त पेट्रोल जाळते, झिजही वाढते, आणि मूळ दोष, मग तो चोंदलेल्या रेडिएटरचा असो की थकलेल्या वॉटर पंपाचा, झाकला जाऊन वाढत राहतो. काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातल्या पाण्यात दोऱ्याने टांगावा, शेजारी थर्मामीटर धरावा आणि पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या, म्हणजे बहुधा ८२ ते ८८ अंशांच्या, सुमारास तो उघडू लागला आणि पाणी थंड झाल्यावर मिटला, तर तो निर्दोष आहे.

वॉटर पंपाखाली वाळलेल्या कूलंटचा पांढरट किंवा हिरवट ओघळ दिसला, किंवा गाडी बंद असताना पुली हाताने हलवल्यावर खुळखुळली, तर पंप बदलण्याची वेळ आलेली आहे. ज्या इंजिनात तो टायमिंग बेल्टवर चालतो तिथे दोन्ही कामे एकत्र करावीत, आणि बेल्ट कधी बदलला याची नोंद पूर्वीच्या मालकाकडे नसेल तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे. होजपाइप थंड असताना दाबून पाहावेत. ते कुरकुरीत किंवा फुगीर लागले, तर फुटण्याची वाट पाहू नये.

पाणी भरताना बोअरचे किंवा नळाचे जड पाणी वापरू नये, त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात. गाडीचे तोंड किंचित चढाकडे करावे, हीटर गरमवर ठेवावा आणि डिस्टिल्ड वॉटर व कूलंटचे मिश्रण थंड इंजिनात हळूहळू भरावे. झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे, वरचा होजपाइप गरम होऊन पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत थांबावे, आणि बुडबुड्यांमुळे खाली जाणारी पातळी भरत राहावी. काढलेले जुने कूलंट गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्याची चव गोडसर असते आणि ते विषारी असल्याने कुत्री-मांजरे चाटून मरतात.

हवा निघून गेल्यावरही बुडबुडे अखंड येत राहिले, गळती न दिसता पाणी कमी होत राहिले आणि गरम इंजिनातूनही गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला, तर हेड गॅस्केटचा, म्हणजे हेडखालच्या सीलचा, संशय घ्यावा. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसणे एवढाच पुरावा मात्र पुरेसा नाही. पावसाळ्यात जवळजवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पानेही तशी साय जमते, म्हणून डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून ऑइल पाहावे. तेही दुधाळ असेल तर गाडी सुरू न करता ओढून गॅरेजमध्ये न्यावी. हेड उतरवणे, एअरबॅग, एसीचा गॅस आणि ब्रेकच्या नळ्या ही कामे घरी करू नयेत. गॅरेजमध्ये नेताना वहीतील आकडे सोबत द्यावेत, कोणता भाग कोणत्या तपासणीवरून बदलणार हे आधी विचारावे, आणि काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत.